व्हीआर शिकायचे, पण कोणत्या बाजूने?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतले आहेत. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या भावाचा हात उकळत्या पाण्याने भाजला, तेव्हा प्रत्येक ड्रेसिंगला तीच त्याच्यासोबत जात असे. उपचारांच्या वेळी रुग्णांचा ताण व्हर्च्युअल रिॲलिटीने (व्हीआर), म्हणजे डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमधून दिसणाऱ्या आभासी जगाने, कमी करता येतो, हे वाचल्यापासून तिला तेच काम करायचे आहे. बारावीनंतर व्हीआरचा सहा महिन्यांचा कोर्स पुरेल का? – एक आई, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. नुसत्या त्या कोर्सवर हे काम मिळणे कठीण आहे. मात्र मुलीची आवड अनुभवातून आलेली आहे, म्हणून तिला परावृत्त करू नका.

या क्षेत्राची सुरुवात कशी झाली, ते तिला अवश्य सांगा. अमेरिकेतील सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे आभासी जग विकसित केले. ड्रेसिंग बदलताना रुग्ण बर्फाळ दरीतून पुढे सरकत हिममानवांवर आणि पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. माणसाचे अवधान मर्यादित असते. त्याचा मोठा वाटा या खेळात गुंतला, की वेदनेकडे द्यायला थोडेच उरते, हे त्यामागचे तत्त्व आहे. पुढे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एफएमआरआय (मेंदूचे काम चालू असताना त्याचे चित्र घेणारी तपासणी) अभ्यासात मेंदूतील वेदनेशी निगडित भागांची सक्रियता व्हीआरमुळे कमी झाल्याचे दिसले. औषधे मात्र बंद केली जात नाहीत. व्हीआर त्यांच्या जोडीला असते.

लक्षात घ्या, हे दोघेही मूळचे मानसशास्त्रज्ञ. आगीच्या आठवणीने धास्तावलेल्या माणसाला बर्फ दाखवावा, त्याला मळमळू नये म्हणून दृश्य संथ ठेवावे, डोक्याला जखम असेल तर हेडसेट न बांधता चष्मा यांत्रिक दांडीवर टांगून डोळ्यांसमोर धरावा, असे निर्णय रुग्णाला जवळून पाहिल्यावरच सुचतात. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये युनिटीसारखे, आभासी जग तयार करण्याचे सॉफ्टवेअर शिकता येईल, आणि ते शिकावेही. परंतु साधने झपाट्याने बदलतात, म्हणून पदवी मात्र टिकाऊ विषयाची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा रुग्णाच्या बाजूने उभे राहायचे की साधनाच्या, हे तिने ठरवावे. रुग्णाच्या बाजूने जायचे असेल तर मानसशास्त्र किंवा फिजिओथेरपी हे मार्ग आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी पदव्युत्तर प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, म्हणजे हा रस्ता लांबचा आहे. साधनाच्या बाजूने संगणक किंवा बायोमेडिकल अभियांत्रिकी आहे, त्यासाठी एमएचटी-सीईटी. आणि डिझाइनचा कल असेल तर मुंबई आयआयटी घेत असलेली यूसीड परीक्षा, जी कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. तुमच्या पत्रावरून मला डिझाइन तिच्या स्वभावाला जवळचे वाटते, पण निर्णय तिचाच असावा.

नोकरीविषयी सावध राहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठीच्या एका व्हीआर प्रणालीला २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे हे आता केवळ प्रयोगशाळेतले काम राहिलेले नाही. तरीही आपल्याकडे केवळ याच कामावर उपजीविका चालेल असे गृहीत धरू नका. वर सांगितलेल्या प्रत्येक पदवीला व्हीआरबाहेरही मागणी आहे, हे मी मुद्दाम पाहिले आहे.

तूर्त तिला एक वही घालायला सांगा. भाऊ नेमका केव्हा घाबरायचा, पट्टी सोडताना की खोलीत शिरण्यापूर्वीच, कोणत्या बोलण्याने त्याचे लक्ष दुसरीकडे वळायचे, हे आठवण ताजी आहे तोवर तिने लिहून काढावे. पुढे प्रवेशाच्या मुलाखतीची वेळ आली, तर ही वही सोबत न्यावी.