आजोबांच्या खुर्चीला प्लाय ठोकू नका

प्रश्न : नमस्कार ताई, गिरगावात आमचं चाळीतलं घर आहे, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय त्यामुळे दोन-तीन महिन्यांत घर खाली करायचंय. आजेसासऱ्यांच्या वेळच्या चार सागवानी खुर्च्या आहेत, वेताने विणलेल्या. दोन फाटल्यात, एक मधोमध एवढी खोल गेलीय की बसलं की उठवत नाही, आणि चौथीची वीण धड आहे पण खुर्ची डुगडुगते. मिस्टर म्हणतात भंगारवाल्याला देऊन टाक, दीर म्हणतात प्लाय ठोकून वर गादी टाकू. मला दोन्ही पटत नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. वेताची वीण ही झिजायचीच वस्तू आहे हो, पायपुसण्यासारखी, वीस-पंचवीस वर्षं वापरली की ती जाणारच आणि नवीन घालायची असते. पण तसं जुनं सागवान आज नवीन बनवायला गेलात तर सुताराचं कोटेशन ऐकूनच परत याल. म्हणजे जपायची ती चौकट.

आणि प्लाय तर नकोच नको. मी स्वतः हे केलंय म्हणून कळकळीने सांगते. आईच्या खुर्चीला घाईघाईत प्लाय मारला, खिळा नेमका भोकांच्या रांगेत गेला आणि पुढची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली. वीण ओवायला सीटच्या कडेने बारीक भोकं पाडलेली असतात ना, तिथे लाकूड आधीच कमी असतं, पोस्टाची तिकिटं भोकांवरून फाटतात तसं ते फाटतं. ती पट्टी काही परत जुळली नाही, अजून वाईट वाटतं.

आता आधी चारही खुर्च्या उलट्या करा आणि टॉर्च मारून खालून बघा. भोकं आणि गाठी दिसल्या तर ती हाताने विणलेली. भोकं नाहीत, नुसती कडेने खाच आहे आणि तिच्यात वेताची गोल काडी ठोकून बसवलीय, तर ती तयार जाळीची. कारागिराला फोन करायच्या आधी हे माहीत पाहिजे, कारण दोन्हीचं काम वेगळं आणि पैसेही वेगळे.

खोल गेलेली खुर्ची आजच घ्या, तिला एक रुपया लागणार नाही. वेत तुटला नसेल, नुसता सैल पडला असेल, तर खुर्ची उलटी करून कढत पाण्यात पिळलेला जाड टॉवेल खालच्या बाजूने अर्धा-पाऊण तास ठेवायचा. खालूनच, कारण वरची चकचकीत साल पाणी पीत नाही. मग पंख्याखाली सावकाश वाळू द्या, दोन दिवस कोणी बसायचं नाही, उन्हात ठेवायची नाही. वाळताना वेत आखडतो आणि सीट पुष्कळदा परत वर येते. तुटका असेल तर मात्र याने काही होणार नाही.

डुगडुगणारीचे सांधे सुटलेत. खिळा मारू नका, वरून फेविकॉलही ओतू नका. जुन्या खुर्च्यांत सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद असायचा, तो गरम पाणी लावलं की मऊ पडतो. सांधा हळूहळू मोकळा करा, जुना सरस खरवडून लाकूड कोरडं होऊ द्या, मग फेविकॉल लावून सुंभाने चारी पाय आवळून मधे काठी घालून पीळ द्या आणि चोवीस तास हात लावू नका. फाटलेल्या दोघींचे सांधे पण विणण्याच्या आधी बघून घ्या, कारण नवी वीण वाळताना चौकटीला चारी बाजूंनी आत ओढते, सांधा कच्चा असेल तर तो तिथेच सुटतो आणि विणायचे पैसे पाण्यात.

विणकाम कारागिरालाच द्या. आमच्याकडे लहानपणी एक अंध काका यायचे विणायला, अंध शाळांमधून हे काम पिढ्यान् पिढ्या शिकवतात. पंधरा-वीस मिनिटं भिजवलेली वेताची पट्टी ते अंगठ्यावरून सरकवत न्यायचे, चकचकीत बाजू वर आहे ना ते नखाने चाचपायचे, आणि भोकात ओवून लगेच लाकडाची खुंटी दाबायचे म्हणजे ताण सुटत नाही. आधी उभी फेरी, त्यावर आडवी, परत उभी, परत आडवी पण आता वर-खाली गुंफत, आणि शेवटी दोन तिरक्या. सहा फेऱ्या झाल्या की मधे ती अष्टकोनी भोकं तयार होतात. एका सीटला अख्खा दिवस जायचा, म्हणून कारागिराने सांगितलेला आकडा ऐकून घासाघीस करू नका. फक्त वेत प्लास्टिकचा नको, खराच हवा हे आधीच सांगा, प्लास्टिकची पट्टी पाण्याने परत आखडत नाही.

प्रश्न : जुलैमध्ये घरीच लाखेचं पॉलिश केलं तर खुर्चीवर पांढुरके डाग आले. लाकूड खराब झालं का? (मुलुंड)

उत्तर : नाही हो दादा, लाकडाला काही झालेलं नाही. पॉलिशमधलं स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो आणि आपल्या पावसाळी हवेतला दमटपणा ओल्या पॉलिशमध्ये अडकतो, तोच पांढरा दिसतो. दिवाळीनंतर कोरडी हवा लागली की स्पिरिटचा अगदी पुसट हात फिरवा, बहुतेक डाग जातील. वेतावर मात्र पॉलिशचा जाड थर चढवू नका, तडकतो.

प्रश्न : चोर बाजारातून इराणी हॉटेलात असते तशी काळी, गोल सीटची खुर्ची घेतली. जाळी फाटलीय, कडेला भोकं नाहीत, खाच आहे. पाठ पण हलते. (परळ)

उत्तर : छान वस्तू मिळालीय तुम्हाला! ही घडण मूळची व्हिएन्नाच्या थोनेट या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची, 1859 सालची, लाकूड वाफेवर वाकवून केलेली. सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, बस. सुटी करून एका घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावायच्या, म्हणून तर ती जगभर पोचली. तेव्हा पाठ हलतेय तर आधी खालचे स्क्रू आवळून बघा, गोंदाची गरजच पडणार नाही कदाचित. जाळीसाठी खाचेतली जुनी काडी पातळ पटाशीने थोडी थोडी उचकटून काढा, जोर केलात तर खाचेची कड उडते. नवी जाळी दोन-तीन तास कोमट पाण्यात भिजवून खाचेत बसवायची, वरून फेविकॉल आणि नवी काडी. ओली असताना ती जरा ढिली वाटेल, वाटू दे, ओढून ताणू नका, वाळली की ढोलकीसारखी घट्ट होते.