नर्सिंग करून एमबीबीएसला जाता येतं का? बारावीतल्या पोरीला पत्र

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा परवा शहाद्याच्या मार्केट यार्डात भेटले. म्हणाले, पोरीला डॉक्टर व्हायचंय, पण नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, धास्ती घेतलीय. त्यात कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय की आधी डी.फार्म किंवा नर्सिंग करून टाकावं, मग एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट घेतात. तुझ्या दादाला पॉलिटेक्निक झाल्यावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात घेतलं, तसंच.

तसं काही नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, बी.फार्म चार वर्षांचं, फार्म.डी. तर सहा वर्षांचं. यातलं काहीही केलंस आणि नंतर एमबीबीएस करायचं ठरवलंस, तर नीट द्यावीच लागणार आणि पहिल्या वर्षापासूनच बसावं लागणार. आधीच्या शिक्षणाची एका दिवसाचीही सूट नाही. नीटला वयाची वरची अट आता राहिलेली नाही, त्यामुळे सिस्टर झाल्यावरही कुणी परीक्षा देऊ शकतं. पण नोकरी सांभाळून फिजिक्सची गणितं सोडवायची म्हणजे काय, ते एखाद्या सिस्टरलाच विचार.

पेशंट तपासून निदान करायचं, औषध लिहायचं आणि त्याची जबाबदारी स्वतःच्या सहीवर घ्यायची, असं तुला करायचं असेल तर बारावी सायन्स आणि नीट हाच रस्ता आहे. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. आयुर्वेदाच्या बीएएमएसला आणि होमिओपॅथीच्या बीएचएमएसलाही तेवढीच वर्षं लागतात. दातांचं बीडीएस इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं. गुरांच्या डॉक्टरचं बीव्हीएस्सी साडेपाच वर्षांचं, आणि आपल्या राज्यात त्याचाही प्रवेश नीटच्याच मार्कांवर होतो. (आपल्याकडे त्याचा कुणी विचारच करत नाही. घराघरात गाई-म्हशी असलेल्या मुलखात हे मला नवल वाटतं.)

नीटचा पेपर ७२० मार्कांचा, त्यातले ३६० एकट्या बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं तर एक कापला जातो. पेपर मराठीतूनही देता येतो. तुझं बायोलॉजी पक्कं आहे असं बाबा सांगत होते, म्हणजे अर्धा पेपर तुझ्या हातात आहे. लातूर-नाशिकच्या क्लासला गेल्याशिवाय काही होत नाही, असं ऐकून घाबरू नकोस. आधी अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं ओळीओळीनं वाच. क्लासचं नंतर बघू. पहिल्यांदा नाही जमलं तर एकदा रिपीट कर, पण वर्षामागून वर्ष त्यातच घालवू नकोस.

कॉलेजसाठी आता लांब जायला पाहिजेच असंही नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा अख्ख्या खान्देशात धुळ्याचं एकच सरकारी मेडिकल कॉलेज होतं. २०१८ला जळगावचं आलं आणि २०२०ला नंदुरबारचं. सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात.

आता बीएएमएसचं. एमबीबीएस नाही लागलं तर बीएएमएस घेऊ, असं पोरं बिनदिक्कत बोलतात, मला ते आवडत नाही. माझी सगळी नोकरी सातपुड्यातल्या आरोग्य केंद्रांत औषधं देण्यात गेली. धडगाव-अक्कलकुव्याकडे पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या भरारी पथकात बीएएमएस डॉक्टर, १०८च्या गाडीत बहुतेक वेळा तेच, आणि कितीतरी केंद्रांत वैद्यकीय अधिकारीही तेच. नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना आपल्या राज्यात काही मर्यादेत आधुनिक औषधं वापरायची मुभा आहे. म्हणून तिकडे जायचं तर जरूर जा. पण पहिल्या वर्षाला संस्कृत असतं, पुढे चरक असतो, दोष-धातू-मल असतात. ते वाचायचा कंटाळा येणार असेल तर ती साडेपाच वर्षं फार जड जातात. होमिओपॅथीवाल्यांसाठी एका वर्षाचा फार्माकॉलॉजीचा कोर्स आहे, त्यावर ते ॲलोपॅथीची औषधं देऊ शकतात असं २०१४च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं ठरलं. त्यावरून डॉक्टरांच्या संघटनांची भांडणं सुरूच आहेत, म्हणून त्या एका गोष्टीच्या भरवशावर बीएचएमएस घेऊ नकोस.

नर्सिंगला मात्र पायरी समजू नकोस. केंद्रावर रात्री अडीचला पाड्यावरून झोळीत घालून बाई आणतात, पाय सुजलेले, डोकं दुखतंय म्हणते. पहिला हात लागतो तो सिस्टरचा. ती बीपी घेते, पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके मोजते, बीपी चढलेलं आणि झटके येताहेत असं दिसलं की झटके थांबवणाऱ्या मॅगसल्फ इंजेक्शनचा पहिला डोस देते आणि १०८ला फोन लावते. डॉक्टर तपासून रेफरची चिठ्ठी लिहितात. सिझर करायचं तर मोठ्या दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो आणि भूलतज्ज्ञ लागतो. म्हणजे ते डॉक्टर एमबीबीएसनंतर पुन्हा नीट पीजी देऊन आणखी तीन वर्षं शिकलेले. ती बाई वाचते तेव्हा यातला एकही माणूस वगळून चालत नाही. यातली कोणती जागा तुला हवीय, हे बाबांना नाही, स्वतःला विचार. सिस्टरची हवी असेल तर नर्सिंगची वेगळी सीईटी आहे, आनंदानं दे. पण मनात डॉक्टर आणि हातात नर्सिंगचा फॉर्म, असं नको.

आणि एक. आपल्याकडे औषधाच्या खिडकीवर बसलेल्यालाही लोक डॉक्टर म्हणतात, मलाही म्हणायचे. त्याला काही अर्थ नाही. कौन्सिलच्या रजिस्टरला नाव असेल तोच डॉक्टर. नाक्यावरच्या पाट्या बघतेस ना? नावामागे इलेक्ट्रोपॅथी, एन.डी. आणि आणखी चार अक्षरं, रजिस्ट्रेशन नंबर मात्र कुठेच नाही. वर्षा-दोन वर्षांत, घरबसल्या, नीटशिवाय डॉक्टर करतो म्हणणारा कुणी भेटला, तर बाबांना एक रुपयाही देऊ देऊ नकोस.

परदेशाचंही तेच. हॉटेलात सेमिनार घेऊन रशिया, किरगिझस्तानचे फोटो दाखवतात. तिकडे जाऊन इथे डॉक्टरकी करायची तर नीट पास व्हावीच लागते. शिवाय २०२१च्या नियमाप्रमाणे किमान ५४ महिने इंग्रजीतून शिक्षण, त्याच संस्थेत वर्षभर इंटर्नशिप, आणि परत आल्यावर ३०० पैकी १५० मार्क मिळवायची परीक्षा. एजंट हे शेवटचं हळू आवाजात सांगतात. त्यासाठी वावर विकायचं म्हणाले बाबा, तर त्यांना सरळ माझ्याकडे पाठव.

अभ्यासाइतकंच कागदांकडे लक्ष दे. मार्क असून नुसत्या व्हॅलिडिटीवाचून, म्हणजे जात पडताळणीच्या दाखल्यावाचून, पोरांचे प्रवेश अडकतात. तू ओबीसीतून अर्ज करणार, म्हणजे जातीचा १९६७ आधीचा पुरावा लागेल. तुझ्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या गावच्या शाळेतच मिळेल. रजिस्टर जुनं असतं, हेडमास्तरांना दोन-चार दिवस शोधायला लागतात, म्हणून दिवाळीआधीच बाबांना पाठव. व्हॅलिडिटीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जातो, तो फॉर्म ऑफिसात मागून घे. नॉन-क्रिमिलेअर आणि डोमिसाइल तहसीलला. फॉर्म भरताना एखादा रकाना अडला तर फोन कर, मी सोमवारी शहाद्याला असतोच.

तुझा,
आप्पा