एकट्याने लढू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

रात्री एक वाजेपर्यंत रील्स बघतोस, सकाळी स्वतःवरच चिडतोस आणि ‘माझ्यात जिद्दच नाही’ असं लिहितोस. हे मला अजिबात मान्य नाही. पूर्वी वेबसाइटचं पान संपायचं, पुढचं बघायला बटण दाबावं लागायचं आणि तेवढ्यात माणूस भानावर यायचा. 2006 मध्ये अझा रास्किन या डिझायनरने ही थांबायची जागाच काढून टाकली. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आता तर कशावर किती रेंगाळलास, हे पाहून अ‍ॅप तुला पुढचा व्हिडिओ वाढतं. त्याच्यापुढे दहावीतलं पोर एकटं हरलं, तर त्यात जिद्दीचा काय दोष?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. मला त्यातलं सगळ्यात काय पटलं सांगू? ते गावाने मिळून ठरवलं होतं. सगळेच ऑफलाइन असले, की ग्रुपवर आपल्यावाचून काय चाललंय, ही हुरहूर लागतच नाही.

म्हणून तूही एकट्याने शपथा घालून घेऊ नकोस. वर्गातले चार मित्र गाठ, त्यांच्याशी वेळ ठरव. घरी सांग, रात्री दहानंतर सगळ्यांचेच फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. बाबा कुरकुर करतील, त्यांच्याशी मी बोलेन. सकाळी उठायला गजराचं घड्याळ आण.

आणखी एक, आणि हे नीट वाच. तुझा फोटो, खरा असो की एआयने बनवलेला, दाखवून कोणी धमकावलं, तर पैसे देऊ नकोस आणि चॅट डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट ठेव. ‘फोन काढून घेतील’ या भीतीने मुलं घरी बोलत नाहीत आणि धमकावणाऱ्याचं तिथेच फावतं. सायबर फसवणुकीसाठी 1930, मुलांच्या मदतीसाठी 1098. त्याआधी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी रागावणार नाही, आणि आईला सांगायची वेळ आली तर तुझ्या शेजारी बसेन.

चौघांची वेळ ठरली की कळव. एखाद्याच्या घरचे ऐकत नसतील तर त्यांचा नंबर पाठव.

तुझ्या बाई