चांदीच्या थरावर एका रेणूचे कवच

प्रश्न : ऑप्टिकल फायबरच्या उघड्या गाभ्यावर चांदीचा थर देऊन द्रावणातील साखरेचे प्रमाण मोजणारा संवेदक आम्ही प्रकल्पासाठी बनवला आहे. काही आठवड्यांतच चांदी काळवंडते आणि मोजमाप सरकते. वरून वॉर्निशचा हात दिला तर चालेल का?
– पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी, ठाणे

उत्तर : वॉर्निश मुळीच लावू नये. हवेतील हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूमुळे पैंजण काळे पडतात, तसाच हा थरही पडतो. मात्र पैंजण घासून उजळता येतात, आणि येथे सगळी चांदी मिळून जेमतेम 50 नॅनोमीटर असते. तिच्या पृष्ठभागावरील प्लाझ्मॉन तरंगाचे (प्रकाशामुळे चांदीतील इलेक्ट्रॉन एकत्र डोलून उठणाऱ्या, मोजमाप ज्यावर चालते त्या तरंगाचे) क्षेत्र द्रावणात साधारण 200 नॅनोमीटरच्या आसपास विरून जाते. वॉर्निशचा पातळात पातळ हातही याहून कितीतरी जाड असल्याने संवेदक द्रावणाऐवजी वॉर्निशच मोजत बसेल.

यावर चांगला उपाय म्हणजे हेक्झाडेकेनथायॉलसारख्या रेणूंचा एकपदरी लेप. या रेणूच्या एका टोकाचे गंधक चांदीला घट्ट धरते, 16 कार्बनांच्या मेणचट शेपट्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि सुमारे 2 नॅनोमीटरच्या या दाटीतून पाणी व वायू सहजी आत शिरू शकत नाहीत. (चांदीला काळे करणारे गंधकच येथे तिची राखण करते!) थर दिलेला फायबर निर्वात कक्षातून काढताच, चांदी ताजी असतानाच, थायॉलच्या एक मिलिमोलर इथेनॉल द्रावणात रात्रभर बुडवून ठेवावा. रेणू काही मिनिटांतच चिकटतात, पण त्यांची रचना नीट बसायला तास लागतात. येथे घाई केल्यास लेप विरळ राहतो. नंतर स्वच्छ इथेनॉलने धुऊन नायट्रोजनच्या झोताने वाळवावा. थायॉलला उग्र दुर्गंधी असते, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या प्रयोगशाळेतील कपाटातच) करावे.

फायबरसोबत काचेची एक सपाट पट्टीही याच प्रक्रियेतून न्यावी. तिच्यावर ठेवलेला पाण्याचा थेंब 100 अंशांहून मोठा स्पर्शकोन (थेंबाच्या कडेचा पट्टीशी होणारा कोन) करून टपोरा उभा राहिला तर लेप बसला असे समजावे; तो पसरला तर नव्या थरापासून सुरुवात करावी.

हे कवच अभेद्य मात्र नाही. ओझोन आणि अतिनील किरणांनी गंधकाचे ऑक्सिडीकरण होऊन रेणू सुटतात, आणि थरातील सूक्ष्म छिद्रांपाशी काळवंडणे सुरू होऊ शकते; म्हणून संवेदक अंधारात, हवाबंद डबीत ठेवावा. सोने काळे पडत नाही हे खरे, परंतु चांदीचा अनुनाद (ज्या तरंगलांबीचा प्रकाश प्लाझ्मॉन तरंगात शोषला जातो तो पट्टा) अधिक अरुंद आणि म्हणून रेखीव असतो, त्यामुळे तुमची निवड मला योग्यच वाटते. लेपामुळे अनुनादाची तरंगलांबी किंचित सरकते, तेव्हा जुना आलेख न वापरता ज्ञात सांद्रतेच्या साखरेच्या द्रावणांनी अंशांकन (कॅलिब्रेशन) पुन्हा करावे.