शाळेत मुलगी गप्प का असते?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही काही महिन्यांपूर्वी परदेशी राहावयास आलो. आमची सहा वर्षांची मुलगी घरी अखंड बडबड करते, शाळेत मात्र तोंड उघडत नाही. बाईंचे सांगणे तिला बहुतेक समजते. सराव व्हावा म्हणून आम्हीही घरात नवीच भाषा बोलावी का?

उत्तर : मुलगी गप्प असली तरी तिचे शिकणे थांबलेले नाही. अनोळखी भाषेच्या वर्गात एकदम येऊन पडलेली पुष्कळ मुले काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकत राहतात. अभ्यासक याला ‘मूक काळ’ म्हणतात. बाईंचे सांगणे तिला समजू लागले आहे, ही तर जमेची बाजू आहे. अशा वेळी पाहुण्यांपुढे ‘बोलून दाखव’ असा आग्रह धरला, किंवा रोज घरी येताच ‘आज बोललीस का?’ अशी उलटतपासणी घेतली, तर असलेला धीरही खचतो.

हा धीर बहुधा खेळात येतो. भाषाभ्यासक लिली वाँग फिलमोर यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात इंग्रजी शिकणाऱ्या पाच स्पॅनिशभाषक मुलांचा अभ्यास केला. ती मुले व्याकरण जुळण्याची वाट न पाहता, ऐकलेली वाक्ये अख्खीच्या अख्खी उचलून वापरीत आणि सगळे समजत असल्याच्या आविर्भावात खेळात शिरत. तुम्हीही ‘मला खेळायला घ्या’, ‘आता माझा डाव’ एवढीच दोन-तीन वाक्ये नव्या भाषेत तिच्याकडून खेळता खेळता घोटून घ्या आणि वर्गातील एखाद्या मुलीला घरी खेळायला बोलवा. एकच मैत्रीण पुरते. ती चुका काढीत बसत नाही. बाईंनाही काही दिवस मान हलवून किंवा बोट दाखवून दिलेले उत्तर चालवून घेण्याची विनंती करावी.

घरची भाषा मात्र बदलू नका. जिथे ती मोकळेपणाने बोलते, गोष्टी रचते, भांडते, तेवढी एकच जागा सध्या तिच्याजवळ आहे. पुढे ती दोन्ही भाषांची सरमिसळ करील, त्याचीही चिंता नको. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार रोजच्या बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला मात्र पाच ते सात वर्षे लागतात. म्हणून ती फडाफडा बोलू लागल्यावरही पाठ्यपुस्तकात अडखळली, तर रागावू नये.

ती घरीही अबोल होऊ लागली, किंवा भाषा चांगली येऊ लागल्यावरही शाळेत तिच्या तोंडून शब्द फुटेना, तर मात्र वाचा-भाषातज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ यांना दाखवावे.