लेकीचा खतना : खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दाऊदी बोहरा मुस्लिम. मुलीला सातवं वर्ष लागलंय. सासूबाई म्हणतात, सुट्टीत मुंबईला नेऊन खतना (गुप्तांगावरची त्वचा कापणं) करून आणते. मला नकोय. – एक आई, जळगाव

ताई, आधी नवऱ्याशी बोला. बायकांचा विषय म्हणून पुरुषांना यातलं अर्धवटच ठाऊक असतं. बापाने ठाम नकार दिला की निम्मी लढाई जिंकलीत. सासूबाईंना वैरी ठरवू नका, त्यांच्यावरही लहानपणी हेच बेतलेलं असेल. धर्मावरून वाद घालू नका. माझ्यासारख्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं म्हणणं तेवढं सांगा : शिश्निकेवरची, म्हणजे योनीच्या वरच्या टोकाशी असलेल्या संवेदनशील भागावरची, त्वचा कापून आरोग्याला काडीचाही फायदा नाही. वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके मात्र आहेत, आणि काहींच्या मनात शरीरसंबंधांची धास्ती पुढे कायमची राहते.

आणखी एक, कठोर वाटलं तरी : यंदा लेकीला आजी-आत्याबरोबर एकटं कुठेही पाठवू नका, लग्नालासुद्धा. आईला पत्ता न लागू देता हे उरकल्याच्या हकिकती बोहरा बायकांनीच सांगितल्या आहेत. कुणी वाळीत टाकायची धमकी दिली, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. मुलीला नेण्याची वेळच आली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : याविरुद्ध कायदा आहे का? – धुळे

स्वतंत्र कायदा नाही. पण पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि तेव्हाच्या दंडसंहितेखाली हा गुन्हाच आहे, असं केंद्र सरकारने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. २०१९ मध्ये हा मुद्दा शबरीमला मंदिरातल्या स्त्रीप्रवेशाच्या प्रकरणासोबत मोठ्या पीठाकडे गेला.

प्रश्न : आम्ही बोहरा नाही. कॉलेजतर्फे पथनाट्य करावं का? – भुसावळ

नको. बोहरींच्या दुकानासमोर डफ वाजवलात तर आतली बाई बोलणार नाही, उलट दार लावून घेईल. या समाजात प्रथेचं समर्थन करणाऱ्या बायकाही आहेत, त्यांना तुम्ही आयतं कारण द्याल. या प्रथेविरुद्ध काम करणारी 'सहियो' ही संस्था २०१५ साली सुरू झाली तीही बायकांनी स्वतःची कहाणी सांगण्यातून. सेनेगलमधल्या मलिकुंडा बांबारा गावाने १९९७ मध्ये मुलींचा खतना सोडण्याची जाहीर शपथ घेतली, ती गावातल्याच बायकांच्या पुढाकाराने. एकट्या घराने नाही म्हटलं की त्याच्याकडे बोट दाखवतात, चार घरांनी मिळून म्हटलं की निभावतं. तुमची बोहरा मैत्रीण असेल तर तिचं ऐका. ती म्हणाली तर सोबत जा, आणि तिचं नाव कुठेही फोडू नका.

प्रश्न : दवाखान्यात भूल देऊन, स्वच्छ हत्यारांनी केलं तर? – एक आजोबा, चोपडा

तरीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टर-नर्सनी हे करायला स्पष्ट विरोध केला आहे. निर्जंतुक ब्लेडनेही शरीराचा निरोगी भागच कापला जातो, आणि तोही मुलीला काही न विचारता.