खालचं अर्धं पान

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा वार्षिक अंक मी इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावतो. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या गावकऱ्यांचा एक आडवा फोटो मिळालाय. तो पानभर घ्यायचा आहे. त्यातल्या ‘जनरेटिव्ह एक्स्पांड’ने, म्हणजे फोटोच्या कडेबाहेरचा भाग एआयकडून रचून घेऊन, वर-खाली वाढवला तर चालेल का?
– एक वाचक, माण तालुका

उत्तर : नका वाढवू. तुमचं पान १८ बाय २४ सेंटिमीटरचं असेल, तर ३:२ मापाचा आडवा फोटो रुंदीत बसवल्यावर उंची भरते १२. म्हणजे अर्धं पान यंत्राने रचलेलं, आणि वाचक ते सगळं ७२ सालचं म्हणून बघणार.

ही चूक मी केलेली आहे. वारीच्या एका फोटोत दिंडीचा फलक कडेला कापला गेला होता. चौकट ओढून मोठी केली, तीन पर्याय आले, त्यातला सगळ्यात स्वच्छ निवडला. अंक छापून आल्यावर फलकाला भिंग लावलं. गावाच्या नावाच्या जागी शिरोरेषा होती, खाली काने-वेलांट्यांसारखी वळणंही होती, पण अक्षर एकही नव्हतं. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत ज्यांनी तो फलक खांद्यावर नेला, त्यांचं गाव माझ्या हातून पुसलं गेलं. अजून टोचतं ते.

तुम्हाला वाटेल, वर आभाळ आणि खाली मातीच तर हवी. पण त्या वर्षीची माती कशी होती, हे यंत्राला कुठून कळणार? ते सहज चार गवताची पाती घालून देईल.

साधनच वाईट, असं मी म्हणत नाही. ब्लीडला, म्हणजे कापण्यासाठी पानाबाहेर सोडायच्या कडेला, तीन मिलिमीटर कमी पडले की मीही तेच वापरते. वाढवलेली पट्टी कटिंगच्या पात्याखाली जाते. निव्वळ सजावटीच्या चित्रालाही हरकत नाही. फक्त इनडिझाइनच्या लिंक्स पॅनेलमध्ये इफेक्टिव्ह पीपीआय, म्हणजे छापताना एका इंचात किती पिक्सेल पडतात, ते बघा. १०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र १८ सेंटिमीटरला ताणलं की जेमतेम १४४ उरतो, चांगल्या छपाईला ३०० लागतो.

तुमचा फोटो वरच्या अर्ध्यात आहे तसा, कडेपर्यंत लावा. मग त्याचा मोठा प्रिंट काढून पारावर घेऊन जा. तेव्हा विशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून बसली असतील. डावीकडून कोण कोण, कुठल्या रस्त्याचं काम, मजुरी किती, सुकडी कुठे वाटायचे, सगळं विचारून लिहून आणा. खालचे बारा सेंटिमीटर अपुरे पडतील.